दुवे जुळवणारे श्रोते

कथा ऐकणे हा विश्रांतीचा विषय आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. दिवसाचे काम आटोपावे, दिवा मालवावा, कोणी तरी सांगत राहावे आणि आपण ऐकत राहावे. यापलीकडे श्रोत्याकडून कोणी काही अपेक्षित नाही. लंडनच्या ‘रस्टी क्विल’ या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळात इंटरनेटवरून प्रसृत केलेल्या ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ या इंग्रजी भयश्रुतिकेने ही समजूत पार उलटीपालटी केली. या मालिकेचे असंख्य श्रोते हाताशी वही घेऊन ऐकत असत. कोणत्या जबानीत कोणाचे नाव आले, तेच नाव मागे कोठे उच्चारले गेले होते, कोणती घटना कोणत्या साली घडली, कोणत्या दोन अनोळखी माणसांचे वर्णन एकसारखे आहे, यांच्या याद्या त्यांनी केल्या, कालपट आखले, ऐकलेला शब्द न् शब्द उतरवून काढून संहिता सिद्ध केल्या. या श्रमांबद्दल त्यांना कोणी वेतन देणार नव्हते. परीक्षा नव्हती, पदवी नव्हती, बक्षीसही नव्हते.

मग हा खटाटोप कशासाठी? प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु विखुरलेल्या पुराव्यांतून अर्थ लावणे ही माणसाच्या बुद्धीची एक मूलभूत क्रिया आहे. इतिहासकार तीच करतो, न्यायाधीश तीच करतो, वैद्यही तीच करतो. ही क्रिया लक्षावधी सामान्य माणसे स्वखुशीने, एकमेकांच्या साह्याने करू लागतात तेव्हा काय घडते, तिचे सामर्थ्य कोठे असते आणि धोका कोठे सुरू होतो, हे पाहण्यासाठी या श्रुतिकेइतके सोयीचे उदाहरण सहसा सापडणार नाही.

जबान्यांचे दफ्तर

मालिकेची रचना वरवर पाहता साधी आहे. १८१८ साली स्थापन झालेली ‘मॅग्नस इन्स्टिट्यूट’ नावाची एक काल्पनिक संस्था लंडनमध्ये आहे. अद्भुत आणि भयानक अनुभव आलेली माणसे तेथे येऊन आपली जबानी देतात. संस्थेच्या अभिलेखागारात नव्याने नेमलेला अभिलेखपाल आपल्या पूर्वसूरीने मागे ठेवलेला गोंधळ निस्तरू लागतो आणि एकेक जुनी जबानी मोठ्याने वाचून ती ध्वनिमुद्रित करतो. तो जे वाचतो तेच श्रोता ऐकतो. असे २०० भाग, पाच पर्वे, प्रत्येक पर्वात ४० भाग. पहिला भाग मार्च २०१६ मध्ये आला, अखेरचा मार्च २०२१ मध्ये. लेखन जोनाथन सिम्स यांचे आणि दिग्दर्शन अलेक्झांडर न्यूऑल यांचे. अभिलेखपालाचे नावही जोनाथन सिम्सच असून त्याला आवाजही लेखकाचाच आहे.

प्रारंभीच्या भागांत प्रत्येक जबानी स्वतंत्र भयकथेसारखी वाटते. एडिनबरोच्या एका अंधाऱ्या बोळात उभी असलेली आकृती येणाऱ्याजाणाऱ्याकडे सिगारेट मागते. एक माणूस पैशाच्या मोहाने एक शवपेटी सांभाळण्याचे पत्करतो. एकाच्या हाती एक विचित्र पुस्तक पडते. सामान्य श्रोता प्रत्येक भागाशी शहारतो आणि पुढे जातो. सावध श्रोत्याच्या मात्र हळूहळू ध्यानात येते की ती शवपेटी पोचवणारी ‘ब्रीकन अँड होप’ ही जोडगोळी अन्य जबान्यांतूनही डोकावते; की त्या पुस्तकावर युर्गन लाइटनर नावाच्या ग्रंथसंग्राहकाची नाममुद्रा आहे आणि तशीच नाममुद्रा असलेली पुस्तके इतरत्रही अनर्थ घडवीत आहेत. प्रत्येक प्रकरणाला एक क्रमांक असतो. पहिल्या प्रकरणाचा क्रमांक ०१२२२०४ असा आहे आणि ती जबानी २२ एप्रिल २०१२ रोजी दिलेली आहे. क्रमांकातच साल, दिवस आणि महिना गुंफलेला आहे, हे एकदा उमगले की वेगवेगळ्या काळातील, उलटसुलट क्रमाने ऐकवल्या गेलेल्या जबान्या कालानुक्रमे लावता येतात. आणि त्या तशा लावल्या की सुट्या कथांच्या मागे उभी असलेली एक अखंड कथा दिसू लागते.

आणखी एक खूण अशीच सूचक आहे. काही जबान्या संगणकावर ध्वनिमुद्रित होतच नाहीत. आवाज फाटतो, विकृत होतो. त्या जुन्या टेपरेकॉर्डरच्या फितीवरच उतरतात. प्रारंभी ही निव्वळ गैरसोय म्हणून सांगितली जाते. पण जी जबानी फितीवाचून उतरत नाही तीच खरी, बाकीच्या भ्रम किंवा थापा, हे अनुमान श्रोत्याला स्वतःच काढावे लागते. अभिलेखपाल तोंडाने संशय व्यक्त करीत असतो. फीत मात्र साक्ष देत असते.

कानाला मिळालेली साक्ष

तथापि या मालिकेतील सर्वांत परिणामकारक खूण शब्दांत नाही, आवाजात आहे. पहिल्या पर्वाच्या अखेरीस अभिलेखागारातील साशा जेम्स या सहायिकेवर एक संकट ओढवते. दुसऱ्या पर्वात ती पूर्ववत कामावर दिसते. सहकारी तिच्याशी नेहमीसारखे बोलतात. परंतु तिचा आवाज वेगळा आहे. नटी बदलली असेल, अशी स्वतःची समजूत घालून अनेकांनी तिकडे दुर्लक्ष केले असेल. वस्तुतः बदलली होती ती साशाच. तिला नाहीशी करून तिच्या जागी दुसरेच काही तरी वावरू लागले होते. त्याने सहकाऱ्यांच्या स्मृतीही बदलून टाकल्या होत्या. जुन्या फितींवरचा आवाज मात्र त्याला बदलता आला नव्हता. परिणामी कथेतील पात्रांना जे कळत नव्हते ते श्रोत्याच्या कानाला कळत होते, आणि तरीही ते सांगण्याचा त्याच्यापाशी कोणताच मार्ग नव्हता. डोळ्यांनी पाहावयाच्या माध्यमात ही योजना साधली नसती. जेथे माणूस म्हणजे केवळ त्याचा आवाज, तेथेच आवाज बदलणे हा खुनाचा पुरावा ठरू शकतो.

श्रुतिका या प्रकाराचे बळ यातच आहे. येथे पडदा नाही, रंगमंच नाही. श्रोत्याच्या मनातच देखावा उभा राहतो. त्यामुळे ऐकणारा हा निर्मितीतील भागीदार होतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी सादर केलेल्या मंगळवासीयांच्या स्वारीच्या नभोनाट्याने बातमीपत्राचे सोंग घेऊन हाच परिणाम साधला. त्या रात्री सारे राष्ट्र भयभीत होऊन रस्त्यावर आले, ही हकिगत वृत्तपत्रांनी फुगवलेली होती, असे पुढील काळातील अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही कागदपत्राचा किंवा बातमीचा वेष घेतलेली कथा ऐकणाऱ्याला साक्षीदार बनवते, हे त्या प्रयोगातील तत्त्व खोटे ठरत नाही.

या रीतीची मुळे आणखी मागे जातात. ब्रॅम स्टोकर यांची १८९७ सालची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी रोजनिशा, पत्रे, वृत्तपत्रांतील कात्रणे आणि फोनोग्राफवरील नोंदी यांची बनलेली आहे. त्या कथेतील मीना हे सारे कागद टंकलिखित करून तारखांच्या क्रमाने लावते आणि त्यानंतरच विखुरलेल्या अनुभवांचा अर्थ सर्वांना कळतो. आजचा दुवे जुळवणारा श्रोता हा मीनाचाच वारस होय. अंदाज बांधण्याचा छंद तर त्याहूनही जुना आहे. डिकन्स यांची ‘बार्नबी रज’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत असताना, १८४१ मध्येच, त्यातील खुनाचे रहस्य एडगर ॲलन पो यांनी छापून मोकळे केले आणि मुख्य मुद्द्यावर ते बरोबर ठरले. १८७० मध्ये डिकन्स ‘एडविन ड्रूड’ अर्धवट टाकून वारले; नियोजित १२ हप्त्यांपैकी सहाच लिहून झाले होते. त्या न सांगितलेल्या शेवटाचा शोध पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिला. फरक एवढाच की पो एकटे होते. आजचे श्रोते एकटे नाहीत, आणि हा फरक लहान नाही.

सोन्याचा ससा आणि सामायिक वही

या फरकाचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करणे उद्बोधक ठरेल. १९७९ साली इंग्लंडमध्ये किट विल्यम्स या चित्रकाराचे ‘मॅस्करेड’ नावाचे चित्रमय पुस्तक प्रसिद्ध झाले. विल्यम्स यांनी स्वतः घडवलेला सोन्याचा एक ससा इंग्लंडच्या भूमीत पुरून ठेवला होता आणि त्याचा ठावठिकाणा पुस्तकातील चित्रांत दडवला होता. चित्रांतील आकृत्यांच्या डोळ्यांपासून निघून त्यांच्या सर्वांत लांब बोटांवरून जाणारी रेषा चौकटीवरील विशिष्ट अक्षराशी पोहोचत असे. ती अक्षरे जुळवली की बेडफर्डशायरमधील ॲम्प्टहिल या गावाचा निर्देश मिळे. लोकांनी ठिकठिकाणी जमीन उकरली. १९८२ मध्ये ससा सापडल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी कोडे खऱ्या अर्थाने सोडवले होते. पण त्यांच्या हाती ससा लागला नाही. १९८८ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकाने उघडकीस आणले की ज्याला तो मिळाला त्याने तो कोडे सोडवून मिळवलाच नव्हता. चित्रकाराच्या एकेकाळच्या निकटवर्ती व्यक्तीकडून निघालेल्या माहितीच्या आधारे तो तेथवर पोचला होता.

या दोन उदाहरणांतील अंतर स्पष्ट आहे. जेथे बक्षीस एकाचे आणि एकदाच मिळावयाचे असते, तेथे हाती आलेला प्रत्येक दुवा म्हणजे खाजगी भांडवल असते. तो दुसऱ्याला सांगणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे. साहजिकच जो तो आपला दुवा मुठीत झाकतो, शेकडो माणसे एकच चूक स्वतंत्रपणे करतात आणि अखेर प्रामाणिक श्रमांपेक्षा आतली खबर श्रेष्ठ ठरते. जेथे बक्षीसच नाही, तेथे दुवा वाटल्याने त्याचे मूल्य घटत नाही. उलट वाढते, कारण दुसऱ्याच्या दुव्याशी जोडल्यावाचून त्याला अर्थच येत नाही. ‘मॅग्नस’च्या श्रोत्यांची सामायिक वही ही या दुसऱ्या प्रकारची संपत्ती होती. एकाने वाचल्याने ती दुसऱ्यास कमी पडत नव्हती.

फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ साली एका सुप्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की समाजातील ज्ञान कोणा एका मेंदूत साठवलेले नसते. ते तुकड्या-तुकड्यांनी असंख्य माणसांपाशी विखुरलेले असते. एडिनबरोत राहणाऱ्याला बोळाची दिशा ठाऊक असते, वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रोगाचे लक्षण ठाऊक असते, वास्तुकलेच्या अभ्यासकाला ठाऊक असते की मालिकेत उल्लेखिलेले रॉबर्ट स्मर्क हे काल्पनिक नसून ब्रिटिश म्युझियमचे खरोखरीचे वास्तुकार होते. हे विखुरलेले ज्ञान एकत्र आणण्याचे काम किंमतयंत्रणा करते, असे हायेक यांचे प्रतिपादन होते. येथे तर किंमतच नाही; तरीही ज्ञान एकत्र आले. जिज्ञासा आणि परस्परांची दाद यांवरही एखादी व्यवस्था चालू शकते, हे पाठ्यपुस्तकांनी काहीसे दुर्लक्षिलेले सत्य यातून पुढे येते.

अर्थात या चित्राला दुसरी बाजू आहे. चाहत्यांचे विनामूल्य श्रम हे निर्मात्याच्या पथ्यावर पडतात. त्यांच्या याद्यांमुळे नवा श्रोता टिकतो, त्यांच्या चर्चेमुळे जाहिरात आपोआप होते. २०२२ मध्ये ‘द मॅग्नस प्रोटोकॉल’ या पुढील मालिकेसाठी संस्थेने १५ हजार पौंडांचे लक्ष्य ठेवून लोकवर्गणी मागितली, तेव्हा सात लाखांहून अधिक पौंड जमा झाले. हे पैसे मागील पाच वर्षांच्या विश्वासाचे होते, आणि त्या विश्वासात श्रोत्यांच्या श्रमांचाही वाटा होता. मग हे शोषण म्हणावे काय? सरसकट तसे म्हणता येणार नाही. मूळ मालिका सर्वांना विनामूल्य ऐकता येते. शिवाय श्रेय द्यावे, धंदा करू नये आणि आपली निर्मितीही त्याच अटींवर खुली ठेवावी, एवढ्या मर्यादेत तिच्यावर आधारित नवनिर्मितीची मुभा देणारा मुक्त परवाना संस्थेने तिला दिला होता. श्रोत्यांकडून घेताना त्यांना काही परत देण्याची ही सोय आहे. जेथे असा परवाना नसतो, जेथे चाहत्यांनी जमवलेले ज्ञान निर्माता मालकी हक्काने कुलूपबंद करतो, तेथे शोषणाचा आरोप अधिक टिकेल.

लेखकाचे उत्तरदायित्व

दुवे पेरणाऱ्या लेखकावर एक अलिखित बंधन येते. पेरलेले उगवले पाहिजे. श्रोत्याने वर्षभर जपून ठेवलेली खूण पुढे निरर्थक निघाली तर तो आपली फसवणूक झाली असे मानतो, आणि त्यात त्याची चूक नसते. याउलट एक मोह लेखकालाही असतो. पुढचे वळण श्रोत्यांनी आधीच ओळखले, असे दिसताच केवळ त्यांना चकवण्यासाठी ते बदलून टाकावे, असे त्याला वाटू लागते. हा मोह घातक होय. अंदाज बरोबर ठरणे हा लेखकाचा पराभव नसून त्याने दिलेल्या खुणा सचोटीच्या होत्या याचा तो पुरावा आहे. चकवण्यासाठी चकवणारा लेखक आधीच्या सर्व खुणांना खोटी साक्ष ठरवतो.

येथे रसिकांच्या बाजूचाही एक दोष नमूद करावयास हवा. दुव्यांच्या मागे लागलेला श्रोता कधी कधी कथा ऐकावयाचेच विसरतो. एखाद्या जबानीत एकाकी म्हातारपणाचे किंवा मुलाच्या मृत्यूचे वर्णन चाललेले असावे आणि ऐकणाऱ्याचे सारे लक्ष त्यात आलेले आडनाव टिपण्याकडे असावे, हे काव्य वाचताना केवळ वृत्ताच्या मात्रा मोजण्यासारखे आहे. मालिकेत भयाच्या १४ शक्ती कल्पिलेल्या आहेत: अंधार, एकाकीपण, गाडले जाणे, सडणे, अनोळखीपण, सतत पाहिले जाणे आणि अशाच आणखी काही. श्रोत्यांनी प्रत्येक जबानी यांपैकी कोणत्या खान्यात बसते याचे तक्ते केले. पण भयाला खाना मिळाला की ते निम्मे ओसरते. कथेतील पात्रांनाही याची जाणीव आहे. हे विभाग माणसाने सोयीसाठी पाडलेले असून रंगांप्रमाणे एकमेकांत मिसळणारे आहेत, असे एक पात्र तिसऱ्या पर्वात समजावून सांगते. तक्ता करणाऱ्याने हा इशारा विसरता कामा नये.

रचलेले जग आणि न रचलेले जग

आतापर्यंतचे विवेचन करमणुकीच्या क्षेत्रापुरते होते. खरा चिंतेचा विषय पुढेच आहे. श्रुतिकेतील दुवे जुळतात याचे कारण ते कोणी तरी जुळावेत म्हणून ठेवलेले असतात. तेथे योगायोग नसतो. दाराआड पडलेली चावी कथेत कधीही निष्कारण पडलेली नसते. ज्या जगात आपण राहतो ते मात्र कोणी कथानक म्हणून रचलेले नाही. तेथे चाव्या निष्कारण पडतात, नावे निष्कारण सारखी निघतात, दोन माणसे एकाच दिवशी एकाच गावात निष्कारण असतात. रचलेल्या जगात शिकलेली सवय न रचलेल्या जगात तशीच वापरली की अनर्थ ओढवतो.

याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. एप्रिल २०१३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टन शहरात मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. हजारो हौशी शोधकांनी उपलब्ध छायाचित्रे चाळून गुन्हेगार शोधण्याचा चंग बांधला. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पद्धतही श्रुतिकेच्या श्रोत्यांचीच होती. त्यांनी जुळवलेल्या दुव्यांतून ज्या तरुणाचे नाव पुढे आले तो पूर्णतः निरपराध होता आणि स्फोटाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. बेपत्ता मुलाच्या शोधात असलेल्या त्याच्या कुटुंबाला ऐन दुःखात या आरोपाचे चटके सोसावे लागले. पुढे तो मृत आढळला. दिलगिरी व्यक्त झाली, परंतु झालेली इजा दिलगिरीने भरून येत नाही.

दुसरे उदाहरण अधिक व्यापक आहे. ऑक्टोबर २०१७ पासून अमेरिकेत कोणी एक अनामिक लेखक ‘क्यू’ या एकाक्षरी नावाने सांकेतिक निरोप प्रसृत करू लागला. निरोप मुद्दाम अर्धवट असत. अर्थ अनुयायांनी लावावयाचा असे. अर्थ स्वतः शोधून काढला की माणसाची त्यावर श्रद्धा बसते, कारण तो त्याला कोणी शिकवलेला नसतो, त्याने ‘कमावलेला’ असतो. देश एका गुप्त दुष्ट टोळीच्या ताब्यात आहे, ही भाकडकथा अशा रीतीने असंख्य लोकांच्या गळी उतरली आणि ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकी संसदभवनावर चालून गेलेल्या जमावात तिचे अनुयायीही होते. कोड्याचा आनंद आणि अफवेचे विष यांची बाटली एकच असू शकते, हा त्यातील धडा.

मग भेद कसा ओळखावा? कसोट्या नव्या नाहीत. इतिहास-संशोधनाने त्या फार पूर्वी घालून दिल्या आहेत. जुन्या दफ्तरांतून पत्रे उकलणाऱ्या राजवाड्यांच्या महाराष्ट्राला त्या अपरिचित असू नयेत. कागद अस्सल आहे काय? तो कोणाच्या हातचा आणि कोणत्या काळचा? त्याला दुसऱ्या स्वतंत्र साधनाचा दुजोरा आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणता पुरावा सापडला तर आपण आपले अनुमान सोडून देऊ? ‘मॅग्नस’च्या श्रोत्यांना या शेवटच्या कसोटीला दर आठवड्याला तोंड द्यावे लागत असे. नवा भाग आला की चुकीचा सिद्धांत कोसळे आणि तो मांडणाराच हसत हसत तो मागे घेई. कारस्थानाच्या सिद्धांताला असा ‘पुढचा भाग’ कधीच येत नाही. विरोधी पुरावाही त्याला कारस्थानाचाच दुवा वाटतो. जे अनुमान खोटे ठरूच शकत नाही त्याला ज्ञान म्हणता येत नाही, हा साधा विवेक दोहोंमधील सीमारेषा होय.

कथेनेच दिलेला इशारा

विशेष असे की खुद्द या श्रुतिकेचा आशयही हाच आहे. अभिलेखपाल एकामागून एक दुवे जुळवीत जातो. त्याला वाटते की आपण सत्याच्या जवळ जात आहोत. १६०व्या भागात कळते ते असे की संस्थेचा प्रमुख हाच दोनशे वर्षांपूर्वीचा तिचा संस्थापक जोना मॅग्नस असून तो एका देहातून दुसऱ्या देहात शिरत जगत आला आहे. आणि अभिलेखपालाला १४ही शक्तींचे डाग लागावेत, अशीच त्याची योजना होती. हाती आलेली एक जबानी अभिलेखपाल सवयीने वाचू लागतो, त्याला थांबता येत नाही आणि त्या वाचनातूनच सर्वनाशाचे दार उघडते. जिज्ञासा हे त्याचे शस्त्र आहे असे सर्वांना वाटत होते. प्रत्यक्षात ती त्याच्या नाकातील वेसण होती. ज्याने ती ओढली त्याला फक्त एवढेच ठाऊक असणे पुरेसे होते की हा माणूस समोर आलेला कागद वाचल्यावाचून राहणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ‘प्रोटोकॉल’ सुरू झाली, तेव्हा एका सरकारी कार्यालयातील जुनाट संगणक कृत्रिम आवाजांत प्रकरणे वाचून दाखवू लागला. त्यांतील दोन आवाज मागील मालिकेतील नायक आणि त्याचा जिवलग सहचर यांचेच आहेत, हे श्रोत्यांनी तत्काळ ओळखले. पाच वर्षे तयार झालेला कान वाया गेला नव्हता. २०२३ मध्ये, ही मालिका येण्यापूर्वी, संस्थेने काल्पनिक दफ्तरांचे तुकडे ठिकठिकाणी पेरून एक शोधखेळही योजला होता आणि त्यातही शेकडो डोक्यांनी मिळून मार्ग काढला.

या साऱ्यातून शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? ज्या वयातील मुले पाठ्यपुस्तकातील २० पाने वाचावयास कुरकुरतात, त्याच वयातील श्रोते २०० भागांच्या संहिता तपासतात, तळटिपा लिहितात आणि परस्परांच्या चुका पुराव्यानिशी दाखवतात. आळस हा त्यांचा स्वभाव नव्हे, हे यावरून दिसते. तयार उत्तराला त्यांच्या लेखी किंमत नाही. स्वतः शोधलेल्या उत्तराला आहे. वर्गात मात्र उत्तर आधी सांगितले जाते, प्रश्न नंतर विचारला जातो आणि दोहोंमधील अंतर पाठांतराने भरले जाते. इतिहासाच्या तासाला निष्कर्षाऐवजी तीन परस्परविरोधी कागद ठेवले, अर्थशास्त्राच्या तासाला व्याख्येऐवजी एखाद्या बाजारातील आठवड्याचे भाव ठेवले आणि ‘यातून काय दिसते?’ एवढेच विचारले, तर हीच शोधवृत्ती तेथेही जागी होईल. त्याबरोबर दुसरी शिकवणही द्यावी लागेल, आणि तीच अधिक अवघड आहे. काही दुवे जुळत नाहीत, कारण ते दुवे नसतातच; अशा वेळी वही मिटून ‘पुरावा अपुरा’ असे लिहिण्याचे धैर्य अंगी असावे लागते.

दुवा शोधण्याची बुद्धी निसर्गाने सर्वांनाच दिली आहे. सुटलेला दुवा सुटलेलाच राहू देण्याची बुद्धी मात्र शिक्षणाने द्यावी लागते. ती ज्या समाजाने कमावली, त्याने भयकथा निर्धास्तपणे ऐकाव्या. ज्याने कमावली नाही, त्याला भिवविण्यासाठी कथेची गरजच पडणार नाही.